समाजसेवेचे शत्रू वाकळे सर

वाकळे सर भूगोल शिकवायचे, पण त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. नव्या मुलांना वाटायचं, हे खेळाचे सर असतील. सरांनी मैदानावर मात्र ती कधीच वाजवली नाही. ती वाजायची सभागृहात. व्यासपीठावरून कोणी 'आपण समाजाचं काही देणं लागतो' असं म्हणालं, की मागच्या रांगेतून फुर्रर्र! वक्ता दचकून थांबला की सर उभे राहायचे आणि अगदी नम्रपणे विचारायचे, "समाज नेमका कुठल्या गल्लीत राहतो, तेवढं सांगा. म्हणजे पोरं आत्ताच देऊन येतील."

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी नवऱ्या मुलाची ओळख करून देताना 'त्याला समाजकार्याची फार आवड' असं सांगितलं. सरांचा हात शिट्टीकडं गेला. शेजारी बसलेल्या वाकळेवहिनींनी तो मनगटाशी घट्ट धरला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, अजून जेवायचंय आपल्याला."

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते आणि हर्सूलला सरांच्या शेजारच्याच घरात राहते. त्यामुळं सर मला दोन्हीकडं होते.

गंमत म्हणजे कॉलेजच्या सेवा योजनेचे प्रमुख हेच वाकळे सर. कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. कॉलेजात सेवा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं: जूनमध्ये रोप, ऑक्टोबरमध्ये झाडू, हिवाळ्यात खेड्यात शिबिर आणि शेवटी प्रमाणपत्र. सर पहिल्या दिवशी मुलांना सांगायचे, "मार्कांसाठी आलेले डावीकडं बसा. सेवेसाठी आलेले उजवीकडं." सगळी पोरं उजवीकडं जाऊन बसायची. सर समाधानानं मान हलवायचे. "छान. खोटं बोलणारे एका बाजूला झाले. लई झाली सेवा, आता काम करा."

'लई झाली सेवा, आता काम करा' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्राचार्यांनाही त्यांनी ते ऐकवलेलं आहे.

आमचं शिबिर दरवर्षी खुलताबादच्या पुढच्या एका लहानशा गावात असायचं. गावाला आमची इतकी सवय झाली होती, की आमची बस दिसली की लोक शेळ्या बांधून घ्यायचे, कारण शेळ्यांनी रोपं खाल्ली की मुलं भाषण करायची. व्यसनमुक्तीचं पथनाट्य तर गावाला तोंडपाठ. एका वर्षी दारुड्याचं काम करणारा मुलगा वाक्य विसरला, तेव्हा पारावर झिंगून बसलेल्या एका गृहस्थानं त्याला पुढचं वाक्य सांगितलं. टाळ्या त्यालाच पडल्या.

त्यानंतरच्या वर्षी सरांनी ठरवलं, नाटक नाही, रोपं नाहीत. आधी गावाला विचारायचं. मुलांना घेऊन ते पारावर बसले आणि म्हणाले, "काय करू आम्ही तुमच्यासाठी?"

गावाला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. सरपंच म्हणाले, "तुमचं जे असंल ते करा सर. आम्ही फोटोला येतो की."

मग मागून रईसाबी बोलल्या. साठीच्या बाई, गावात बांगड्या विकायच्या. "सर, वो नळ के रस्ते का कुच करो ना. पाऊस गिऱ्या की नुसता चिखल. पिछले साल मेरी बहू घागर लेके गिरी." त्या थांबल्या, पदर सारखा केला. "पेट से थी."

सर उठले आणि पायातले बूट काढून त्या वाटेनं चालत गेले. आदल्याच रात्री अवकाळी पाऊस झाला होता; परत आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरले होते. म्हणाले, "चला. दगड गोळा करा."

ते शिबिर मी पाहिलं आहे. शहरातली पोरं, पहिल्याच दिवशी हाताला फोड. ओढ्यातून दगड आणायचे, वाटेवर बसवायचे, मध्ये मुरूम दाबायचा. सर स्वतः पाट्या वाहायचे आणि शिव्या घालायचे. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, हे अहवालात दाखवायचं कसं?"

"चालून दाखव," सर म्हणाले.

सगळ्यांत तडफेनं राबला सोनवणे. सरांचाच विद्यार्थी, तेव्हा एम.ए.ला होता. सर शिव्या घालायला लागले की तो हसायचा आणि आणखी मोठा दगड उचलायचा. सर मला म्हणाले होते, "मॅडम, हा पोरगा टिकला तर माझी शिट्टी त्याला देऊन टाकीन."

समारोपाला संस्थेचे सचिव आले. मोटारीतून उतरतानाच त्यांनी विचारलं, "वृक्षारोपण कुठं आहे?"

"नाय साहेब," सर म्हणाले. "गेल्या वर्षीची झाडं शेळ्यांनी खाल्ली. औंदा त्यांना उपास."

सचिवांचा चेहरा तिथंच उतरला होता. तरी त्यांनी भाषण केलं. बोलता बोलता ते म्हणाले, "अंधारात चाचपडणाऱ्या या अडाणी लोकांना तुम्ही तरुणांनी प्रकाश दाखवला..."

फुर्रर्र!

गावातली लहान पोरं खिदळली. त्यांना वाटलं, कबड्डी सुरू झाली. सर उभे राहिले आणि रईसाबींकडं हात करून म्हणाले, "साहेब, काम या बाईंनी दाखवलं. भर दुपारी. लख्ख उजेड होता."

गाव हसलं. सचिव हसले नाहीत. शहरात परत आल्यावर आठवड्याच्या आत सरांकडून सेवा योजना काढून घेतली गेली. मुलं निवेदन देतील असं मला वाटत होतं. मुलांनी प्रमाणपत्रं नेली. पुढं सोनवणे कॉलेजातच नोकरीला लागला आणि योजनेचा प्रमुख झाला, तेव्हा त्यानं रोपं आणली, झाडू आणले, फलक मोठा केला. सरांना तो भेटला की खाली वाकून पाया पडायचा आणि घाईनं निघून जायचा.

दोन पावसाळ्यांनी पाइपलाइनसाठी ती वाट उखडली. दगड बाजूला ढीग करून टाकले. मी सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "बरं झालं. नळ घरात यायला लागला तर वाट कशाला पाहिजे?" मग आत गेले. वहिनींनी दारात येऊन मला खुणेनंच सांगितलं, आता नको.

सर निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात वहिनी गेल्या. मुलगी नांदेडला असते, फोन करते. सर आणखी तिखट झाले. दूधवाल्याशी भांडायचे, पेपरवाल्याशी भांडायचे. नंतर माझ्या लक्षात आलं, की भांडण हाच त्यांचा दिवसभरातला बोलण्याचा वेळ होता. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला, तेव्हा तोही संपला.

यंदा सोनवणेचा मला फोन आला. "मॅडम, आपण 'ज्येष्ठांसोबत एक सकाळ' घेतोय. मुलांना सेवेचे तास भरायचेत. हर्सूलमध्ये एकटे राहणारे कोणी म्हातारे असतील तर नावं सांगा ना."

मला हसू आलं. संध्याकाळी मी मुद्दाम सरांकडं जाऊन ते सांगितलं. म्हटलं, आता ऐकण्यासारखं काहीतरी निघेल.

सरांनी अंगणातल्या जास्वंदीची दोन वाळलेली पानं खुडली. मग म्हणाले, "माझं नाव दिलं का?"

"छे हो सर! तुमचं कशाला देईन?"

"द्या," ते म्हणाले.

रविवारी सकाळी मुलं आली. सरांनी माझ्याकडून खुर्च्या नेल्या होत्या आणि पोहे स्वतः केले होते. सोनवणेनं सरांना शाल घातली, फलक धरून फोटो झाला. दहावीस मुलं दाटीवाटीनं उभी होती, बहुतेकांची नजर मोबाइलवर. एक मुलगी पुढं आली आणि म्हणाली, "आजोबा, काही काम आहे का? आम्हाला काम करायचंय."

सर लगबगीनं उठले. "हाय की! भांडी हायेत. आमच्या हिची, पितळेची. लई काळवंडलीत." आणि त्यांनी आतून घागर, कळशी, परात आणून अंगणात मांडली.

आदल्या दिवशीच त्यांच्या कामवाल्या बाईनं ती चिंच लावून घासली होती. मी माझ्या गच्चीवरून ती उन्हात वाळताना पाहिली होती. घागरीत तोंड दिसत होतं.

मुलीनं घागर हातात घेतली. तिच्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. मग ओटा झाडून खाली बसली आणि म्हणाली, "चिंच द्या ना आजोबा."

सर पायरीवर बसले. "कुठली गं तू?"

"बिडकीनची."

"शेत हाय?"

"होतं. आता तिथं कंपनी झालीय. बाबा तिच्याच गेटवर असतात."

"अन् आई काय करायली?"

ती घासत होती आणि सांगत होती. भाऊ, बस, होस्टेलचं जेवण, न जमणारं इंग्रजी. सर विचारतच होते. घागर झाली, परात झाली. कळशीला तिनं हात घातला, तेवढ्यात बाहेर बसचा हॉर्न वाजला. सोनवणे घड्याळ बघत आला. "चला, अजून दोन घरं करायचीत."

"राहू दे गं ती कळशी," सर म्हणाले. "पुढच्या वेळी."

सोनवणे अवघडला. "सर, पुढच्या वेळी... सिडकोत आहे कार्यक्रम."

"व्हय, व्हय," सर म्हणाले. "सगळीकडं जायला पाहिजे. सगळीकडं हायेत म्हातारे."

बस गेली. अंगणात पाणी सांडलं होतं, पोह्यांच्या बशा अर्ध्या तशाच होत्या. मी खुर्च्या उचलायला लागले. सर ओल्या परातीला धोतराच्या टोकानं पुसत होते, पुसून झाली तरी पुसत होते.

"पोरगी चांगली होती, मॅडम," ते म्हणाले. "नाव विचारायचंच राहिलं."