परबकाकांचा एवाल्दो

गाऱ्हाणं घालायला एक माणूस पुरतो, पण ‘होय म्हाराजा’ म्हणायला दुसरा लागतोच. आमच्या मजल्यावर हा दुसरा माणूस म्हणजे मी. बोरीवलीतली आमची अख्खी सोसायटी रविवारची म्हणून लोळत पडलेली असते तेव्हा समोरचे परबकाका आमची बेल वाजवतात, आणि मी केसांचा कसाबसा अंबाडा घालत त्यांच्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहते. काका डोळे मिटतात आणि गावच्या रवळनाथाला हाक घालतात.

"बा देवा रवळनाथा, आज ह्यो जो एवाल्दो सातासमुद्रापलीकडे पिंजऱ्यात उतारता हा, त्येच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"समोरच्या गड्याक डाव्या पायान लाथ घालूची खोड आसा. ती त्येका आज आठवूक नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हणते. मी माहेरची साताऱ्याची. आमच्याकडे देवाकडे नोकरी, लग्न, फार तर पाऊस मागतात. प्रतिस्पर्ध्याची लाथ चुकवायला देवाला कामाला लावलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तर हा एवाल्दो ब्राझीलचा. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणून जो प्रकार आहे, ज्यात जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं असं सगळं चालतं, त्यातला तो लाइटवेट गटातला पैलवान. बाप मच्छीमार, गाव समुद्रकाठी, माडांचं. वाळूत कुस्ती शिकला, एकामागून एक जिंकत अमेरिकेत गेला, आणि एकदा तर थेट विजेतेपदासाठी लढला. पाचही फेऱ्या उभा राहिला आणि पंचांच्या गुणांवर हरला. ते पंच काकांच्या अजून डोक्यात आहेत. "तिघांपैकी एकाचा तरी डोळो तपासूक व्हयो होतो," असं ते दुधाच्या पिशव्या घेतानाही मध्येच म्हणतात.

त्यांच्या मते एवाल्दो मुळात मालवणीच. माड आहेत, मासे आहेत, भात आहे. "आणि नाव बघ गो. आपल्याकडलोच वाटता."

काकांचं आयुष्य मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. त्या घरघराटात कोण कोणाशी बोलणार, त्यामुळे माणूस मुळात अबोल. पण एवाल्दोचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काका काही महिने जिना एकेक पायरी करत चढायचे. वॉचमनने विचारलं, काका, गुडघा दुखतो का? काका म्हणाले, "माझो नाय. एवाल्दोचो." लढतीच्या आदल्या दिवशी वजन गटाच्या मर्यादेत भरावं लागतं, त्यासाठी हे पैलवान पाणीसुद्धा सोडतात. काकाही सोडतात. त्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की हा नेमका कुठल्या देवाचा उपास आहे.

आणि इतकं सगळं करून हा माणूस लढत बघत नाही. घंटा झाली की स्वयंपाकघरात जातो, नळ सोडतो आणि नळाखाली उगाच एक भांडं धरून उभा राहतो. बघायचं मी. आतून दर अर्ध्या मिनिटाला प्रश्न येतो, "उभो आसा मां?"

"उभा आहे काका."

"हात वर आसत?"

"आहेत."

"गप कित्याक झालंस?"

मला आधी त्यातलं काही कळत नव्हतं. आता मी ऑफिसच्या डब्याच्या वेळी गुडघ्याच्या लिगामेंटवर बोलते आणि बाकीच्या बायका आपापल्या भाजीकडे बघतात.

हे वेड लागलं काकी गेल्या तेव्हापासून. त्यांचा मुलगा समीर कॅनडात असतो. पूर्वी त्याचा फोन आला की काकी तासभर बोलायच्या, शेवटी फोन काकांच्या हातात द्यायच्या. काका म्हणायचे, "बरो आसस? बरा." झालं. बापलेकांचं भांडण कधीच नव्हतं. त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं, एवढंच. काकींच्या दिवसांना समीर आला तेव्हा दोघं बैठकीच्या खोलीत समोरासमोर नुसते बसून असायचे. मी चहा घेऊन गेले की दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं. एका रविवारी सकाळी समीरने न राहवून टीव्हीवर एवाल्दोची लढत लावली. काकांनी विचारलं, ह्यो कोण? समीर सांगायला लागला, आणि दुपारपर्यंत सांगत राहिला.

तेव्हापासून एवाल्दोची लढत संपली की पाच मिनिटांत समीरचा फोन येतो. तिकडे शनिवारची रात्र असते. दोघं तावातावाने बोलतात. एरवी महिनोन् महिने फोन नाही, आला तर "बरो आसस? बरा."

गेल्या वर्षभरात एवाल्दो लागोपाठ हरला. वय अडतीस. आता आणखी एक हरला तर लढती भरवणारी कंपनी त्याला काढणार, असं ठरल्यातच जमा होतं. लढतीची तारीख लागली आणि काकांची झोप उडाली. मला वाटलं, तो हरेल म्हणून. एका संध्याकाळी गॅलरीत वाळलेले कपडे काढताना मी त्यांना धीर द्यायला गेले.

"तसा नाय गो," काका म्हणाले. "गेल्या मुलाखतीत बघितलंस? तो बोलता बोलता शब्द शोधूक लागलो. डोक्यार मार खाऊन खाऊन जाता तसा. आणखी खेळलो तर तो म्हातारपणी आपल्या पोरांका वळखूचो नाय."

"मग थांबला तर बरंच की."

काका बराच वेळ दोरीवरचा चिमटा उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "तो थांबलो तर सम्या माझ्याशी काय बोलतलो?"

खरं सांगते, मला त्या समीरचा रागच आला. पण मग आठवलं की मी माझ्या वडिलांशी शेवटचं काय बोलले तर गॅसच्या नंबराबद्दल. मी कपडे घेऊन आत आले.

लढतीच्या सकाळी काकांनी बेल वाजवली तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. देव्हाऱ्यासमोर उभे राहिले, पण सुरुवात होईना. ओठ हलायचे आणि थांबायचे. मी घड्याळाकडे बघत होते.

"बा देवा रवळनाथा," ते शेवटी म्हणाले, "आज एवाल्दो हरलो तरी चालात. पण त्येका शुद्धीत, धड, आपल्या पायान घराकडे जावक दी. आणि परत ह्या पिंजऱ्यात पाठवू नको रे म्हाराजा."

काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"म्हण गो."

"होय म्हाराजा," मी म्हटलं, आणि मला ते अजिबात म्हणायचं नव्हतं.

पहिली फेरी एवाल्दोने निभावली. दुसरीत त्याला एक ठोसा असा बसला की तो गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा खाली गेला. मी काही बोलले नाही. आतला नळ बंद झाला आणि काका ओले हात तसेच घेऊन बाहेर आले. पहिल्यांदाच ते टीव्हीसमोर उभे होते. एवाल्दो एका हातावर जोर देऊन उठायला बघत होता, आणि काका अगदी हळू आवाजात त्याला सांगत होते, "उठा नको रे बाबू. झोपान रव. झाला आता. झोपान रव."

पंच मध्ये पडला. लढत थांबली. थोड्या वेळाने एवाल्दो आपल्या पायांवर उभा राहिला, मुलाखत घेणाऱ्याशी धड बोलला, हातमोजे काढून पिंजऱ्याच्या मधोमध ठेवले आणि निघून गेला. हातमोजे तसे ठेवले म्हणजे निवृत्ती, एवढं मलाही कळत होतं. काकांनी टीव्ही बंद केला आणि फोन टीपॉयवर समोर ठेवून बसले.

फोन आला. त्यांनी स्पीकर लावला, हात ओले होते म्हणून.

"बघितलंत बाबा?"

"बघितलंय."

"संपलं."

"संपला. धड गेलो, बरा झाला."

"हो. बरं झालं." मी सोफ्याच्या कडेवर बसले होते, घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. काही तरी बोला ना काका, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"मग... ठेवू बाबा?" समीर म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघावं ते न कळून पंख्याकडे बघितलं.

"सम्या," काका म्हणाले, "तू आता खंय बसलस?"

"घरात. का?"

"तुझा घर मी बघूक नाय कधी. दाखव माका."

मग व्हिडिओ सुरू झाला. समीर दाढी वाढलेला, आईसारखे डोळे. तो फोन फिरवत चालायला लागला. हा हॉल. ही खिडकी, बाहेर बर्फ आहे, आता दिसणार नाही. काका फोन नाकाशी धरून विचारत होते, दाराला कडी नीट लागते का, पाणी चोवीस तास असतं का. समीरने फ्रिज उघडला. आत अंडी, ब्रेड आणि कसले तरी डबे.

"मासे गावनत नाय थंय?"

"मिळतात. अख्खे मिळतात बाबा. मला साफ करता येत नाहीत."

"माका तरी खंय येत होते? तुझी आवस गेल्यार शिकलंय." काका उठले. खुंटीवरची पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या. "फोन ठेवा नको. मी बाजारात जातंय. बांगडो घेऊन येतंय आणि तुका दाखवतंय."

"बाबा, इथे रात्र आहे."

"जाग्रण केलंस मां लढतीसाठी? मग आणखी जरा कर."

समीर हसला. ठीक आहे म्हणाला.

काका फोन पुढे धरून जिना उतरायला लागले. "ह्यो बघ जिनो. रंग मारलो गेल्या दिवाळीक. ह्यो पाटलांचो दरवाजो. तुका आठवतत पाटील?" खालून समीरचं काहीतरी उत्तर आलं, वर दारात उभ्या असलेल्या मला ते नीट ऐकू आलं नाही. काका घाईत स्वतःचं दार सताड उघडं टाकून गेले होते. मी परत जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसले, ते येईपर्यंत कोणीतरी घरात असावं म्हणून.