आनंदी ढावलो

सेनगाव-हिंगोली रस्त्यावरच्या प्रवासी जीपमध्ये दुःखी गाणी वाजवली जातात, ही गंभीर बाब मनोबल संनियंत्रण कक्षाच्या निदर्शनास आली, तेव्हा कक्षप्रमुख वैजनाथराव स्वतः अशाच एका जीपमध्ये बसले होते. कक्षाची गाडी वाटेत बंद पडली होती. शिपायाला गाडीजवळ ठेवून साहेबांनी हात दाखवला आणि शंकरसिंगची काळी-पिवळी थांबली.

हा कक्ष कशासाठी निघाला, हे त्यात काम करणाऱ्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. जनतेच्या मनावर ताण आहे असा अहवाल खालून वर गेला होता आणि वरून खाली कक्ष आला होता. टेबलं आली, खुर्च्या आल्या, वैजनाथराव आले. फक्त ताण कुठे धरायचा हे कळत नव्हतं. तो त्या दिवशी जीपमध्ये सापडला.

मोंढ्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला होता. सवाऱ्या परत चालल्या होत्या. मांडीवर कोकरू घेतलेले नामाजी, म्हणजे माळावर मेंढरं राखणारे म्हातारे, खिडकीबाहेर बघत होते. बाजूला पंचफुलाबाई रिकामं पोतं घडी करून त्यावर बसल्या होत्या. टेपवर कोणीतरी विरहानं गळा काढत होतं. पंचफुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"ही असली रडकी गाणी कशाला लावता हो?" साहेबांनी विचारलं.

"मी कुठं लावतो साहेब, सवाऱ्याच लावतात," शंकरसिंग म्हणाला. "भाव पडला की मागून म्हनतात, ते लाव. चढला की दुसरं मागतात. लग्नसराईत तिसरंच. मी नुसतं तोंड बघून बटन दाबून राहिलो."

साहेबांनी हे नीट ऐकलं आणि नेमकं उलटं समजून घेतलं. मोठ्या खुर्चीवर टिकायला ही कला लागते. गाणं दुःखी, म्हणून माणसं दुःखी. गाणं बदललं की माणसं बदलतील, असा सिद्धान्त त्यांना तिथेच सुचला. मग ते फाट्यावर उतरून गेले. त्यामुळे पुढचं त्यांना दिसलं नाही. पुढे गाणं संपलं, पंचफुलाबाईंनी नाक शिंकरलं, नामाजींकडे तंबाखू मागितली आणि सेनगाव येईपर्यंत दोघं सुनांच्या तक्रारी सांगत चांगली हसत होती. ही माणसं घरी जाऊन भाकरी खाऊन झोपली. या घटनेची नोंद कुठेच झाली नाही.

आठवड्याच्या आत आदेश निघाला. प्रत्येक जीपमालकाला कक्षाकडून एक पेनड्राइव्ह मिळाला. त्यात फक्त मान्यताप्राप्त, उत्साहवर्धक, नाचण्यायोग्य गाणी. याशिवाय काही वाजलं तर जीपचा परवाना तपासण्यात येईल, असं शेवटी बारीक अक्षरात होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. पण पखाल तक्रार करत नाही, म्हणून इंजेक्शन यशस्वी झालं असं धरायची पद्धत आहे.

यश मोजायलाही साहेबांनी सोपी रीत काढली. रस्त्यावर जितकी आनंदी गाणी वाजतात, तितका जनतेचा आनंद. दुसरी गाणी बंदच होती. त्यामुळे जनता पहिल्याच महिन्यात संपूर्ण आनंदी झाली.

जीपमध्ये मात्र वेगळंच घडू लागलं. भाव पडलेल्या दिवशी धाड्धाड् ढोल वाजायचा आणि पंचफुलाबाईंना पदर डोळ्याला लावायची लाज वाटायची. डोळ्यांतलं आत राहायचं. मग ते तोंडावाटे यायचं. एकदा त्यांनी पाय लागला म्हणून नामाजींना, म्हणजे ज्यांची तंबाखू त्या जन्मभर खात आल्या त्यांना, जीप थांबवून आईमाईवरून बोलून घेतलं. नामाजींनी घरी जाऊन तो राग कुत्र्यावर काढला. कक्षानं हाणामारीच्या वाढत्या बातम्यांची दखल घेतली आणि "प्रवाशांमध्ये ऊर्जेचे प्रमाण लक्षणीय वाढले आहे" असं वर कळवलं.

एकदा सुरुवात झाल्यावर चांगलं काम थांबत नाही. नरसीच्या एका भजनी मंडळाला बोलावून सांगण्यात आलं, की तुम्ही देवाला सारखं "ये, ये" म्हणता, त्यावरून तो आलेला नाही असा चुकीचा संदेश जातो. मंडळानं काही दिवस देव आलेला आहे असं धरून भजन केलं. आलेल्या देवापुढं काय म्हणायचं हे कुणाला सुचेना, म्हणून लोक लवकर घरी जाऊ लागले. अंत्ययात्रेसाठी मध्यम लयीचं प्रसन्न संगीत ठरवून देण्यात आलं. मग कक्षाचं एक पथक माळावर गेलं. कोकरू विकल्यापासून नामाजींची एक मेंढी रस्त्याकडेला उभी राहून हंबरडा फोडत होती.

"हिला आवरा," पथकानं सांगितलं.

"लेकरू गेलंय तिचं. वरडंल अन् गप व्हईल," नामाजी म्हणाले. "तकलीफ असंल तर तुमचा तो पेनड्राइव द्या, बांधतो तिच्या गळ्यात."

पथकानं सूचना विचारार्थ ठेवून घेतली.

आता एवढा आनंद झाल्यावर तो बघायला कुणीतरी आलंच पाहिजे. राजधानीतून पाहणी पथक येणार असं ठरलं. पथकाला काहीतरी रंगीत दाखवायला हवं, म्हणून वैजनाथरावांनी बंजाऱ्यांचा एक तांडा निवडला. तिथे त्याच दिवशी लग्न होतं. नवरी होती दिपा, आपल्या शंकरसिंगची मुलगी. तांड्याच्या रस्त्यावर मुरूम पडला. इतकी वर्षं अर्ज करून न पडलेला मुरूम पाहून तांडा हरखून गेला आणि इथेच फसला.

कारण तांड्यातल्या लग्नात ढावलो असतो. नवरी निघताना आईच्या, बापाच्या, भावांच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. शब्द कुणी शिकवलेले नसतात. तिचे तिनं त्या वेळी जोडायचे. तेव्हा तिला सगळं बोलायची मुभा असते. बापाला नाव घेऊन दोष द्यायचा, भावाला टोमणे मारायचे, आईला विचारायचं की मला काहून जन्म दिला. कुणी उलट बोलायचं नाही. मान खाली घालून ऐकायचं आणि रडायचं. कुठला डॉक्टर नव्हता, कक्ष नव्हता, तेव्हापासून हा तांडा आपल्या लेकींना असा मोकळा करत आला.

आणि दिपाच्या पोटात फार साचलं होतं. ती हिंगोलीला नर्सिंग शिकत होती. स्थळ आलं तसं शंकरसिंगनं तिला मधूनच उठवून आणलं. "लग्न झाल्यावर शिक की," तो म्हणाला होता. हे वाक्य कुठल्या बापानं म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हापासून ती बापाशी "जेवन वाढलंय" याच्यापुढे बोलली नव्हती.

"ती ढावल्यासाठी ठिवून राहिली सगळं," त्याची बायको रूपाबाई त्याला म्हणाली. "लई झोंबंल. पन ऐकून घ्या. ऐकून घेतलं म्हंजे ती बी सुटंल अन् तुमी बी सुटसाल."

शंकरसिंगला त्या दिवसाची भीती वाटत होती आणि तो त्याची वाटही बघत होता. आपली चूक त्याला कळली होती. पण बाप आपण होऊन माफी मागत नाही. पोरीनं दोष दिला तर मान खाली घालता येते, इतकीच त्याची आशा होती.

म्हणून ढावल्याची परवानगी मागायला तो कक्षात गेला.

"रडण्याचं गाणं?" वैजनाथरावांनी चष्मा काढला. "पाहणीच्या दिवशी?"

"रीत हाय साहेब आमची."

"रीतीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. आनंदाश्रू या सदरात बसवून टाकू. शब्द आणून द्या, तपासून घेतो."

"शब्द न्हाईत साहेब. पोरगी त्या टायमाला जोडते."

"म्हणजे काय बोलणार हे तुम्हालाही माहीत नाही?"

"न्हाई ना. तेच तर ऐकायचंय मला."

साहेबांचा चेहरा खरोखर कनवाळू झाला. असा चेहरा झाला की सामान्य माणसानं सावध व्हावं. "शंकरसिंग, मुलीनं चारचौघांत बापाला दोष द्यायचा, हे तुम्हाला तरी शोभेल का? आम्ही ढावलोच ठेवतो. फक्त तो आनंदी करून आणतो. पुण्याच्या स्टुडिओतून. मुलीनं नुसते ओठ हलवायचे."

"पन साहेब..."

"तुमच्या जीपचा परवाना नूतनीकरणाला आलाय ना? बघतो मी."

शंकरसिंग उठला. दारात त्यानं हात जोडले. का जोडले, हे त्याला जीपपर्यंत आल्यावरही कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी पाहणी पथक मांडवात सगळ्यात पुढे बसलं. तांड्याच्या तोंडाशी डीजेची गाडी उभी होती आणि तिच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर कक्षाचा फलक होता. निघायची वेळ झाली. आरशांची ओढणी घेतलेली दिपा बाहेर आली. वैजनाथरावांनी रुमाल हलवला आणि आनंदी ढावलो सुरू झाला. सासरी कसा झोपाळा आहे, कसं सोन्याचं दार आहे, असं पुण्याची कुणी बाई ठेक्यात सांगू लागली. पथक टाळ्या वाजवत उभं राहिलं.

दिपानं ओठ हलवले नाहीत. ती सरळ बापाच्या गळ्यात पडली आणि तिनं तिचा ढावलो सुरू केला.

तिचं तोंड शंकरसिंगच्या कानाशी होतं. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या त्याला दिसत होत्या, तिचा श्वास कानाला लागत होता. पण छातीत ढोल आदळत होता आणि कानात सोन्याचं दार उघडत होतं. त्यानं एकदा डीजेवाल्याकडे हात केला. डीजेवाल्याला वाटलं, नवरीचा बाप खूश झालाय. त्यानं आवाज वाढवला. मग दिपा रूपाबाईच्या गळ्यात पडली. रूपाबाईलाही काही ऐकू आलं नाही. दोघी एकमेकींना धरून हलत होत्या, आणि लांबून बघणाऱ्याला त्या ठेक्यावरच हलतायत असं वाटत होतं. पथकातल्या एका बाईंनी मोबाइलवर ते सगळं टिपून घेतलं.

गाडी गेली. डीजे थांबला. तांड्यात इतकी शांतता झाली की माळावरची नामाजींची मेंढी ऐकू आली.

"काय म्हनली ती तुला?" शंकरसिंगनं विचारलं.

"तुमच्या तर कानातच म्हनत होती," रूपाबाई म्हणाली. "मला कुठं ऐकू आलं."

काही दिवसांनी त्यानं हिय्या करून पोरीला फोन लावला. ती सासरी भाकरी थापत होती. तो म्हणाला, "दिपा, त्या दिशी मला काय म्हनलीस? आता म्हन. ऐकतो मी."

तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते एकदाच म्हनायचं असतं, बापू. जेवलात का?"

तेव्हापासून ती फोनवर एवढंच विचारते. शंकरसिंगचा परवाना मात्र लगेच झाला. तालुका ताणमुक्त जाहीर झाला आणि वैजनाथरावांना बढती मिळाली. आता ते शेजारच्या जिल्ह्याला आनंदी करत आहेत.

शंकरसिंगची जीप आजही सेनगाव रस्त्यावर चालते. टेपवर कक्षाचाच पेनड्राइव्ह असतो. सवाऱ्या भरेपर्यंत तो मोबाइल काढतो आणि पथकातल्या बाईंनी टाकलेला तो व्हिडिओ लावतो. तो आवाज पूर्ण बंद करतो, पडदा डोळ्याजवळ नेतो आणि आपल्या खांद्यावर हलणारे पोरीचे ओठ बघत राहतो. कधी पंचफुलाबाईंना विचारतो, "मावशी, बघा बरं, ह्ये 'बापू' म्हनून राहिली का 'काहून' म्हनून राहिली?" मावशी चष्मा वर करून बघतात आणि न्हाई कळत म्हणतात.

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलाय. 'बापाच्या गळ्यात पडून नाचणारी नवरी' असं त्यावर लिहिलं होतं. दिवसभराच्या कामानं डोकं उठलं होतं, तेवढंच जरा बरं वाटलं, म्हणून तुम्ही तो घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला आणि खाली दोन हसरे चेहरे टाकले. कक्षानं ते मोजून घेतले आहेत. आवाज बंद करून बघावं, असं मात्र तुम्हाला वाटलं नाही.