जवळचा मजला

नरेंद्रला लिफ्टमधल्या त्या नव्या यंत्राचा फार अभिमान होता. वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट आपणहून जवळच्या मजल्यावर जाणार, दार उघडणार आणि अडकलेला माणूस सुखरूप बाहेर पडणार. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून त्यानेच ते सगळ्यांच्या मागे लागून बसवून घेतलं होतं. विरोध केला होता फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीरामदादांनी. इमारत उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांची, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की बाकीचे गप्प बसत.

"बंद पडलेली लिफ्ट परवडली," दादा मीटिंगमध्ये म्हणाले होते. "मानूस आत गप बसून तरी ऱ्हातो. ती आपल्या मनानं चालाय लागली तर कुठं नेऊन सोडंल, कोन सांगनार?"

तेव्हा मात्र लोक हसले होते. नरेंद्र तर जरा जास्तच हसला होता.

त्या दिवशी पूर्णा गावातल्या गोदामातली ड्युटी संपवून तो दिवेलागणीला घरी आला. गोदामात फोन गेटवर जमा करावा लागतो. परत मिळाला तेव्हा तो मान टाकून पडलेला. त्यामुळे दिवसभरात जगात काय घडलं याचा त्याला पत्ता नव्हता. इमारतीच्या खाली चिटपाखरू नव्हतं. वॉचमनची खुर्ची रिकामी, कट्ट्यावर नेहमी बसणारी मंडळी गायब. लिफ्टमध्ये झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि उदबत्तीचा वास कोंडला होता. कोणाकडे तरी पूजा असेल, असं म्हणून त्याने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

दुसरा मजला मागे पडला आणि लिफ्टला असा हिसका बसला की नरेंद्रचं डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं. दिवा विझला. बाहेर दिवसभर चालणारी कापडाच्या लूमची खडखड एका क्षणात थांबली. भिवंडीत राहणाऱ्याला त्या खडखडीचा त्रास होत नाही. ती थांबली की मात्र तो दचकतो. मग डोक्यावर एक मिणमिणता निळा दिवा लागला आणि एक बाई अतिशय शांतपणे म्हणाली, "घबराइए मत. आपको नजदीकी मंजिल पर ले जाया जा रहा है."

हा आवाज नरेंद्रने स्वतः पसंत केला होता. दुकानात ऐकताना तो गोड वाटला होता. आता मात्र अंगावर काटा आला. लिफ्ट मुंगीच्या चालीने वर सरकू लागली, थांबली आणि दार उघडलं.

बाहेर मिट्ट काळोख होता. समोरचा दरवाजा सताड उघडा होता आणि दाराशी चपलांचा ढीग पडला होता. त्यात सगळ्यांत वर सोनलच्या, त्याच्या बायकोच्या, चपला. म्हणजे घर आपलंच. त्याने बूट काढले आणि आत पाऊल टाकलं.

आतलं सामान भिंतीला लावून खोली मोकळी केली होती. मधोमध जमिनीवर एक पणती जळत होती, शेजारी टोपली उपडी घातली होती. पलीकडे सात-आठ बायका पदर डोक्यावरून पुढे ओढून, माना खाली घालून बसल्या होत्या. सोनल मुसमुसून रडत होती.

"सोनल," नरेंद्रने हाक मारली. आवाज कुठल्या विहिरीतून यावा तसा आला.

कोणी मान वर केली नाही. सोनल तेवढी जोरात थरथरली.

"अगं, काय झालं? कोण गेलं?"

बायकांनी पदर आणखी पुढे ओढले. नरेंद्र तिथेच उभा राहून विचार करू लागला. घरात माणसं दोनच, तो आणि सोनल. सोनल समोर बसून रडत होती. हिशेब सोपा होता.

तो हिसका! ते डोकं आपटणं! आणि ती बाई कुठली मंजिल म्हणत होती, तेही आता त्याच्या ध्यानात आलं. त्याचे पाय लटपटले. मेल्यावरही पाय लटपटतात, हे त्याला नव्याने कळत होतं.

मग त्याचं लक्ष टोपलीकडे गेलं. चुलते वारले तेव्हा त्याने हे पाहिलं होतं. टोपलीखाली पीठ पसरतात, आणि त्यात ज्या प्राण्याचा ठसा उमटेल, त्या जन्माला गेलेला माणूस जातो. पुरुषमंडळी स्मशानातून परतली की टोपली उचलून बघतात. म्हणजे आपला निकाल तयार आहे! नरेंद्रला राहवलं नाही. तो हळूच खाली बसला आणि त्याने टोपली उचलली.

पिठावर बारीक टिंबांची नागमोडी रेघ होती. रेघेच्या टोकाला एक झुरळ मिशा हलवत बसलं होतं. त्याने नरेंद्रकडे पाहिलं आणि सुळकन भिंतीकडे पळालं.

"झुरळ?" नरेंद्र पुटपुटला. एवढी वर्षं बिनपगारी सेक्रेटरीपण केलं, टाकीत पाणी आलं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि वर झुरळ? त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं, आणि बघितलं तरी त्याला कुठे दिसणार होतं? त्याने पीठ सारखं केलं, उजव्या हाताचा पंजा त्यात पाचही बोटांसकट नीट दाबला आणि टोपली जागेवर ठेवली. निदान पुढच्या जन्माची व्यवस्था झाली. मग तो सोनलच्या शेजारी जाऊन बसला. तिच्याशी धड दोन शब्दही न बोलता आपण सकाळी निघून गेलो, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं आणि त्याचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात लूम खडखडले आणि खोलीत ट्यूब लागली. सोनलने डोळे उघडले, शेजारी पाहिलं आणि किंकाळी फोडली. तिच्यामागोमाग सगळ्या बायकांनी फोडली.

"अहो! तुम्ही कधी आलात?"

"तुला मी दिसतो?" नरेंद्रने गहिवरून विचारलं.

"दिसता म्हणजे काय? पोचवायला सगळी बिल्डिंग गेली, आणि तुम्ही आत्ता उगवताय?"

भिंतीवर हार घातलेला तुळशीरामदादांचा फोटो होता आणि त्याखाली त्यांच्या पत्नी, पुतळाकाकी, बसल्या होत्या. नरेंद्रने तो नीट पाहिला आणि त्याच्या जिवात जीव आला. हा तिसरा मजला होता.

"आम्ही पावलं ऐकली," सोनल अजून कापत होती. "पण पुतळाकाकींच्या सासरची रीत आहे. माणसं परत येईपर्यंत दाराकडे बघायचं नाही, डोळे मिटून बसायचं, हाक आली तर ओ द्यायची नाही. मला वाटलं, दादा माझंच नाव का घेताहेत?"

"पण तू एवढी रडत होतीस..."

"काकी रडेनात," सोनल कुजबुजली. "म्हणून मग मीच सुरुवात केली."

स्मशानातून माणसं आली. दादांच्या मुलाने, देवेशने, टोपली उचलली आणि त्याला हुंदका फुटला. "आई, मानसाचा हात! बाबा परत मानूस झालं!" सगळ्यांनी हात जोडले. नरेंद्रनेही जोडले असते, पण उजवा हात खिशात होता आणि त्याला पीठ लागलेलं होतं.

जरा वेळाने पुतळाबाई त्याच्याजवळ येऊन बसल्या. चेहरा दगडासारखा.

"नरेंदर, मानूसच हाय का रं तो?"

"हो, काकी."

"म्हंजे पुन्ना तेच. भाजीत मीठ न्हाय, पानी गार न्हाय, त्या मेल्या शेजाऱ्याशी बोलू नको. सात जन्म बांधून घेतल्यात मी. हा कितवा, द्येवाला ठावं."

नरेंद्रला ते पाहवेना. त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि काय घडलं ते हळू आवाजात सगळं सांगितलं.

"झुरळ?" काकींनी विचारलं. "बरूबर बगितलास?"

"मिशांसकट."

काकींच्या तोंडावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. "मग बरा. झुरळाला चपलेनं गप करता येतंय." आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले. सकाळपासून अडलेलं सगळं पाणी बाहेर पडलं, पदर भिजला, तरी थांबेना.

तेवढ्यात भिंतीच्या कडेने काहीतरी सरसरलं. सोनल ओरडली, "अगबाई, झुरळ!" आणि तिने दाराजवळची चप्पल उचलली.

पुतळाबाईंनी धावत जाऊन तिचा हात धरला. मग कोणाकडेही न बघता त्यांनी स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा आणला आणि कोपऱ्यात ठेवला.

"ऱ्हाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "सकालपासून काय खाल्लं न्हाय त्यांनी."