याले बसवलं कोनं?

कुणाच्याही देवघरासमोर गेले की लांजेवार हात जोडत नसत, चौकशी करत. "याले बसवलं कोनं?" आमच्या सत्यनारायणाला आले तेव्हा भटजींची पोथी अर्ध्यावर होती. लांजेवारांनी मध्येच हा प्रश्न टाकला आणि उत्तर मिळेपर्यंत प्रसादाला हात लावणार नाही म्हणून ठाण मांडून बसले. शिरा गार झाला. भटजी पुढे वर्षभर आमच्याकडे यायचं टाळत होते.

लांजेवार आमच्या धरमपेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. बायको वारली, एवढंच त्यांनी खोली घेताना सांगितलं होतं. नोकरीत असताना धरणाखाली जाणाऱ्या गावांची मोजणी करत हिंडले. लोक गाव सोडताना दारं-खिडक्या मागे ठेवत, पण शेंदराचा दगड डोक्यावर घेऊन निघत, हे बघून त्यांना देवांचा नाद लागला. मग सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणून त्यांनी जगातले यच्चयावत देव वाचून काढले. मनूची होडी आणि नोहाची होडी यांच्याबद्दल ते असे बोलत, की दोन्ही त्यांच्याच खात्याने बांधल्या असाव्यात असं वाटे.

त्यांचा सिद्धांत एका ओळीचा होता. "रडनं आधी, देव मंग." आमचं मांजर मेलं तेव्हा माझी धाकटी जेवेना. लांजेवारांनी तिला समोर बसवून सांगितलं, की इजिप्तात घरचं मांजर मेलं की घरातले सगळे भुवया भादरून टाकत, आणि तिथे मांजरीची देवळंसुद्धा होती. पोरगी रडायची थांबली आणि वस्तरा शोधू लागली. मी त्यांच्यावर चांगलीच उखडले.

दुसरी खोड वरवंट्याची. मिक्सर अजून आमच्या गल्लीत पोचला नव्हता. लांजेवारांकडे छान टाकी लावलेला पाटा होता, वरवंटा मात्र नव्हता. रोज सकाळी चटणीच्या वेळी दारात हजर. "वहिनी, वरवंटा द्या बरं." नवा का घेत नाही, असं विचारलं की म्हणत, पाटा जुना आहे, नव्या वरवंट्याशी त्याचं जमत नाही. मग आमच्या वरवंट्याशी कसं जमतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

राहायला आल्यावर लगेचच त्यांनी एक प्रयोग मांडला. कोपऱ्यावरच्या निंबाखाली एक दगड अर्धा पुरला, त्याला शेंदूर फासला आणि मला बजावलं, कुणाला सांगायचं नाही, देव कसा तयार होतो ते नुसतं बघायचं. आठवड्यात फूल आलं, मग नारळ आला. दूधवाल्याची हरवलेली म्हैस नवस बोलल्यावर सापडली आणि दगडाचे निंबोजीबाबा झाले. कुणीतरी चांदीचे डोळेही बसवले. लांजेवार रोज संध्याकाळी लोखंडी खुर्ची टाकून समोर बसत. याला ते निरीक्षण म्हणत. पावसात त्यांच्याकडे छत्री असे, पण ती दगडावर धरलेली. शेंदूर वाहून गेला तर प्रयोग बिघडतो, हे त्यांचं कारण. मला ते पटलंही होतं.

पुढे गल्लीने वर्गणी काढून तिथे फरशीचं देऊळ बांधायचं ठरवलं. त्यात संगमरवरी मारुती बसायचा होता आणि जुना दगड अंबाझरी तलावात विसर्जित व्हायचा होता. तुमचा प्रयोग जिंकला, असं मी लांजेवारांना हौसेने सांगायला गेले. त्यांचा चेहरा उतरला. त्या रात्री त्यांच्या खोलीत दिवा लागला नाही.

विसर्जनाच्या सकाळी पानठेल्यावाल्या बंडूने दगड खणून काढला, तसे लांजेवार त्याला आडवे गेले.

"काका, तुमी तं देव मानत नाही," बंडू म्हणाला. "मंग काहून अडवून राहिले?"

सगळे हसले. मीही हसले.

"देव नाही गा थो. वरवंटा हाये माझा."

हसणं आणखी वाढलं. तेवढ्यात दगडाचा मातीत पुरलेला भाग मला दिसला. तिथे शेंदूर नव्हता. वाटून वाटून झिजलेला, गुळगुळीत दगड होता. माझं हसू तिथेच थांबलं.

मग ते माझ्याकडे वळून बोलू लागले, बाकी कुणी नसल्यासारखे. बारशाला आपण आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतो, मग बाळाला पाळण्यात ठेवतो. त्यांच्या मुलीचं बारसं असंच झालं. पुढच्याच आठवड्यात मुलगी तापाने गेली. पुन्हा मूल झालं नाही. बायकोने त्या वरवंट्यावर परत कधी चटणी वाटली नाही. टोपडं घालून तो फडताळात ठेवला आणि जन्मभर शेजारणीचा मागून आणला.

"बायको गेल्यावर मले टाकवेना, आन् एकल्याले घरात पाहवेना. म्हटलं, थो चार लोकाईत राहीन. कोनी फूल वाहीन." मग ते बंडूला म्हणाले, "तुमी बाबा म्हनता. कुसुम हाये तिचं नाव. ठेवलं, पन हाक माराची राहून गेली."

बंडूने दगड त्यांच्या हातात दिला. लांजेवारांनी तो घेतला तो मान सांभाळून, तान्ह्याला घेतात तसा.

दुपारभर मी गोडं तेल लावून शेंदराचे थर काढत बसले. रडू आवरत नव्हतं आणि ते समोर बसलेले, म्हणून मान वर करत नव्हते. चांदीचे डोळे काढू का, असं विचारलं. त्यांनी त्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "राहू द्या. उघडे हायेत."

दगड त्यांच्या खोलीत गेला, कोपऱ्यावर मारुती बसला. लांजेवार दर्शनाला गेले, प्रसाद घेतला आणि काही न विचारता परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटणीच्या वेळी ते नेहमीसारखे दारात उभे होते.

"वहिनी, वरवंटा द्या बरं."

मी आमचा धुऊन, पुसून दिला.