आबांची डुलकी आणि माझा अंगठा

जेवणानंतर जरा डोळा लावायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी प्रेरणाचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ येईल, हे मला काय ठाऊक!

प्रेरणा म्हणजे माझी मेव्हणी. आणि मी आदिनाथ, तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. दुपार झाली की माझी मान आपोआप टेबलाकडे झुकते. चहा पिऊन पाहिला, तोंडावर पाणी मारून पाहिलं. (एकदा साहेबांना उलट बोलूनही पाहिलं. त्याने मात्र आठवडाभर झोप उडाली.)

आणि आमचे सासरे, कोंडाजीआबा! काय माणूस आहे हो! सत्तरी उलटली, पण भाताच्या खाचरात पोरांना दमवतात. सगळी करामत दुपारच्या डुलकीची. बांधावर जांभळीखाली आडवे होतात आणि चिंगी शेळीचं दावं पायाच्या अंगठ्याला बांधतात. दावं पुरेल तेवढं गवत संपलं की चिंगी पुढच्या गवतासाठी ओढ घेते, आणि आबा टुणकन उभे. चेहरा असा टवटवीत, जणू आत्ताच आंघोळ करून आलेत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी चक्क हात जोडले.

"आबा, मला जमंल का?"

"न जमाया काय झालं? झोपायला काय डिग्री लागती व्हय?"

एका रविवारी समर्थच्या घरचे आबांकडे प्रेरणाला बघायला येणार होते. दोघं एकाच कंपनीत, त्यांचं आधीच जमलेलं. फक्त समर्थच्या वडिलांनी, दत्तोबांनी, मान हलवायची बाकी होती. आणि दत्तोबा म्हणजे महाकडक. दोन घरी जाऊन ते मुलगी न बघताच परत फिरले होते.

माझ्याकडे काम एकच, तळेगावहून आणलेले हार सांभाळायचे. (मावळात सत्काराशिवाय पान हलत नाही. बोअरला पाणी लागलं तरी बोअरवाल्याच्या गळ्यात हार पडतो.) हार कोमेजू नयेत म्हणून मी करंडी अंगणातल्या बाजेखाली सावलीला ठेवली, आणि बाजेवर स्वतःला ठेवलं. पाहुणे यायला अवकाश होता. चिंगीचं दावं अंगठ्याला बांधलं. आता मुकं जनावर, बिचारी उपाशी कशाला राहील, म्हणून तिच्यापुढे हिरव्या चाऱ्याचा भाराच टाकला.

चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही.

पुढचं मला सारिकाने, माझ्या बायकोने, सांगितलं. (अजून सांगते.) पाहुणे अंगणात आले तेव्हा मी तोंड उघडं टाकून घोरत होतो, आणि चारा संपवून चिंगी निवांत हार खात होती. ओढ घ्यायची तिला गरजच काय?

दत्तोबा थबकले. "ह्यो कोन?"

सारिकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या तोंडून निघून गेलं, "आमचा गडी!"

(अकरा वर्षांचा संसार, महाराज!)

"बरं. मग थोरलं जावई कुटं हायती?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आणि आबांनी काय करावं? ओसरीच्या खांबाला टेकून डोळे मिटले! अशा वेळी डुलकी! चक्कर आली समजून समर्थची आई म्हणे पाणी आणायला धावली. तेवढ्यात आबांनी डोळे उघडले, ताजेतवाने.

"दत्तोबा, खोटं बोलून सोयरीक व्हत न्हाई. ह्योच आमचा थोरला जावई. पोरगी लाजली, म्हनून बोलून गेली. मला न्हाई लाज वाटत. दमून येतोय, हितं निजतोय. त्याचंच घर हाय."

दत्तोबांनी बाजेजवळ येऊन मला वाकून न्याहाळलं. मग ते आबांकडे वळले.

"आबा, माझा थोरला पोरगा सासरी गेला की त्याला भाताची पोती उचलाया लावत्यात. पाठ धरून परत येतोय बिचारा. म्हनून कुटंबी गेलो की आदी जावई बघतो. समद्यांनी इस्त्रीची कापडं घालून बसवल्याले जावई दाखवले. असा बिनघोर निजल्याला पयल्यांदाच बघतोय. ठरलं! फोडा सुपारी!"

नेमके त्याच वेळी हार संपले. चिंगीने ओढ घेतली आणि मी बाजेवरून थेट दत्तोबांच्या पायांवर.

"आरं आरं, ऱ्हाऊ द्या जावईबापू! एवढं वाकायचं न्हाई!" त्यांनी मला उचलून छातीशी धरलं. मी डोळे चोळत विचारलं, "पाहुणे आले का?"

प्रेरणा रडता रडता हसायला लागली. आणि मी आबांकडे पाहत राहिलो. आम्ही दोघंही झोपलोच होतो, पण काय तो फरक! त्यांनी खांबाला टेकून लेकीचं लग्न जुळवलं. मी नुसता घोरलो. त्या दिवशी मी खरोखरच त्यांच्या पाया पडलो, स्वतःहून, दावं सोडून.

साखरपुडा लोणावळ्याच्या कार्यालयात झाला. दत्तोबांनी हट्टाने चिंगीलाही आणवलं होतं. जेवणं आटोपल्यावर माइकवर माझं नाव पुकारलं, "थोरल्या जावयांचा मान!" पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदाही पुकारलं म्हणतात.

अल्बममध्ये तो फोटो आहे. दत्तोबा हसतायत, आबा हसतायत. मानाची टोपी आणि उपरणं चिंगीच्या अंगावर आहे. मागे खुर्चीत तोंड उघडं टाकलेला एक माणूस दिसतो. कुणी विचारलंच, तर सारिका अजूनही म्हणते, "तो ना? आमचा गडी."