सेतुमाधवराव आणि राणी पाखरू

भाड्याची खोली देताना घरमालक कोणत्या अटी घालतात, ते मला पाठ होतं. मांसाहार नको, मित्र नकोत, मोठ्यानं गाणी नकोत. तमिळ मुलखात, तिरुवल्लिकेणीच्या सेतुमाधवरावांनी यातली एकही अट घातली नाही. गच्चीवरची खोली दाखवून ते एवढंच म्हणाले, "लिंबाच्या पानावर पक्ष्याची घाण दिसली तर पुसूं नको. बाकी अवघें चालेल."

सेतुमाधवराव तंजावरचे मराठी. विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, काटकुळे, एकटे. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि शब्द थेट बखरीतले. मी कराडचा, पण त्यांच्या नकाशावर महाराष्ट्रात एकच गाव होतं, त्यामुळे मी 'पुणेकर'.

गच्चीवर लिंबाच्या अकरा कुंड्या आणि लिंबू एकही नाही. झाडाला पानंच उरत नसत, तर लिंबं कुठून येणार? सरबताला लिंबू ते बाजारातून आणत.

पहिल्याच रविवारी अट विसरून मी पानावरची ती पांढुरकी घाण झटकायला गेलो. घाणीनं मान वर केली. डोक्यातून दोन तांबडी शिंगं काढली आणि असा काही दर्प सोडला, की मी दोन पावलं मागे सरलो.

"भ्यालास?" मागून आवाज आला. "अळी आहे ती. लहानपणीं हें घाणीचें सोंग. पक्षी म्हणतो, छी, हें कोण खाईल! मोठी झाली कीं हिरवी, डोळे वटारलेले, सापाचें सोंग. मग कोश. मग पाखरूं, काळें, मखमली, त्यावर निळें. तुमच्या महाराष्ट्राचें राज्य फुलपाखरूं, पुणेकर! तुझ्यासारखेंच इथें येऊन राहिलें. पण शिस्त बघ. जन्मल्याबरोबर आपल्या अंड्याचें टरफल खाऊन टाकतें. तुझी कालची कपबशी अजून तिथेंच."

मी मुकाट्यानं कपबशी उचलली.

या राणी पाखराच्या अळीची एक खोड असते. वयात आली की झाड सोडून निघते आणि कोश करायला मनाजोगती जागा शोधते. एका शनिवारी सकाळी मी दार उघडणार, एवढ्यात बाहेरून आरोळी आली, "हात लावूं नको!" अळीबाईंनी माझ्याच दाराची निवड केली होती. शेपूट चौकटीला चिकटवलेलं आणि कमरेचा रेशमी दोरा दाराच्या फळीला. दार उघडलं की दोरा तुटणार.

"किती दिवस?" मी आतून विचारलं.

"पंधरा."

"आणि मी?"

"तुज खिडकी आहे कीं." सेतुमाधवराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले होते. त्यांनी जाळी उतरवली, आत एक स्टूल, बाहेर एक स्टूल. त्या दिवसापासून मी श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस खिडकीतून उडी मारून पकडू लागलो.

नेमकं पुढच्या रविवारी मला पाहायला मुलीकडचे आले. तिरुपतीला निघाले होते, वाटेत 'मुलगा राहतो कसा' ते बघणार होते. जिन्यात त्यांची पावलं वाजली आणि मी घाबरून सवयीनं दार ओढलं. टक् असा बारीक आवाज झाला. मी लगेच सोडलं. कोणी पाहिलं नव्हतं.

मुलगी मृणाल. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ खिडकीतून आत. वडील निम्मे आत, निम्मे बाहेर अडकले. सेतुमाधवराव मागून ओरडत होते, "श्वास सोडा! सेरी, ठीक, आतां ढकलतों!" आईनं मात्र खिडकीतून येणं साफ नाकारलं. तिला कुंड्यांपाशी खुर्ची मिळाली आणि अळीच्या शिंगांचा वासही मिळाला. मृणालनं मला दोन प्रश्न विचारले, सेतुमाधवरावांना तीस. आठवड्याभरानं होकार आला. त्याखाली एक ओळ होती: 'फुलपाखरू निघालं का?'

ते निघालं एका पहाटे. खिडकीवर टकटक झाली, "पुणेकर, ऊठ! होतें!" मी बस सोडली. कोश फुटला, आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि रिकाम्या कोशाला लोंबकळलं. पंख हळूहळू उलगडू लागले. उजवा पुरता उलगडला. डावा अर्ध्यावर थांबला, तो थांबलाच.

मला राहवलं नाही. "काका, पाहुणे आले त्या दिवशी मी दार ओढलं होतं."

"ठावें आहे. दोरा तुटला होता. मी डिंकानें चिकटवला."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशीं तुझें लग्न ठरायचें होतें." ते पंखाकडे बघत राहिले. "आणि दोऱ्यामुळेंच झालें, असें कोणी सांगावें? कधीं असेंही होतें."

उडता न येणारं फुलपाखरू मुंग्यांच्या कामाचं, असं मी ऐकलं होतं. सेतुमाधवरावांनी त्याला बोटावर घेतलं. साखरपाण्यात बुडवलेला कापूस पुढे धरला आणि टाचणीनं त्याची गुंडाळलेली सोंड अलगद उलगडून दिली. नऊ दिवस ते जगलं. रोज संध्याकाळी ते त्याला बोटावर बसवून कठड्याजवळच्या तांबड्या फुलांपाशी नेत. वारा आला की पाखरू पंख पसरी, आणि सेतुमाधवराव हात उंच करत.

"काका, एवढं कशाला?" एकदा मी विचारलं.

"सावित्रीचे पाय गेले होते," ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "शेवटचीं चार वर्षें. समुद्राचा वारा पाहिजे म्हणायची. जिना बहुत अरुंद. पाठीवर घेऊन यायचों. वर आलें कीं म्हणायची, झालें, मी उडालें."

हात उंच धरून त्यांचा दंड थरथरू लागला होता. बोट मात्र त्यांनी खाली घेतलं नाही. मी जवळ गेलो आणि त्यांच्या कोपराखाली माझा हात लावला.