ज्यूरीचं दुसरं एकमत

ब्रॅकेन गावात हार्लन डोटीचं टायरचं दुकान होतं आणि वाहतूक पोलिसापलीकडे न्यायाशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्यामुळे ज्यूरीवर हजर राहण्याचा हुकूम आला तेव्हा त्याने तो आधी फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि मग आजारी पडायचं ठरवलं. "आजारी पडलास तर आठवडाभर घरात माझ्यासमोर बसशील," असं बायकोने म्हटल्यावर मात्र तो इस्त्रीची पँट घालून कोर्टात गेला.

खटला साधा होता. मार्लीन कोझाक नावाची बाई 'हॉर्नबी अँड सन्स' या गॅरेजची दारं बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं नोकरीला होती. ती ज्याला काम शिकवायची तो पुरुष असला की वर्षाच्या आत तिचा साहेब व्हायचा. असे तीन साहेब तिच्या हाताखाली तयार झाले. चौथा शिकवायला दिला तेव्हा तिने विचारलं, "त्या खुर्चीवर मीच बसले तर?"

"अगं मार्लीन," धाकटे हॉर्नबी कळवळून म्हणाले, "तू साहेब झालीस तर नव्या पोरांना शिकवणार कोण?"

तिने लेखी तक्रार केली. त्याच आठवड्यात कारखान्याला असं आढळून आलं की तिच्या पदाची मुळात गरजच नाही. एकोणीस वर्षं ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

ज्यूरी निवडताना वकिलांनी हार्लनला विचारलं, "तुमच्या दुकानात स्त्री-पुरुष भेदभाव होतो का?" हार्लनने छातीवर हात ठेवून सांगितलं की कधीच नाही. ते खरंही होतं. दुकानात सगळे पुरुषच होते, तेव्हा भेदभाव करायला जागाच नव्हती. त्याची निवड झाली. पुढे आठ जणांत त्याचा आवाज मोठा म्हणून त्याला प्रमुखही करण्यात आलं.

कंपनीच्या वकिलाने स्त्रियांच्या सन्मानाचे पुरावे सादर केले. मातृदिनाला प्रत्येक बाईला फुलझाडाची कुंडी दिली जात असे. मार्लीनला मूलबाळ नव्हतं, तरीही तिला कुंडी मिळाली होती. याहून अधिक समानता ती कोणती, असा वकिलाचा सवाल होता. ज्यूरीतल्या मिसेस फिलपॉटनी हे ऐकून पर्स इतक्या जोरात मिटली की न्यायाधीश दचकले.

कंपनी दोषी आहे हे ज्यूरीच्या खोलीत कॉफी निवायच्या आत ठरलं. अडलं ते भरपाईच्या आकड्यावर. न्यायाधीश टॉलिव्हर यांनी बजावून सांगितलं होतं, "रक्कम तुम्ही ठरवायची. तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीवर कोणाचंही दडपण नाही."

दातांचे डॉक्टर वेबर म्हणाले, "वीस हजार पुरेत. शेवटी दुखापत अशी कुठे झालीय?"

"वीस हजार?" मिसेस फिलपॉट चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि बोलतानाही त्यांची बोटं टेबलावर चालत. "वीस हजारांत तुम्ही माझ्या चार दाढा बसवल्यात, डॉक्टर! त्या बाईचं आयुष्य काय चार दाढांचं?"

डॉक्टर एकदम पाच लाखांवर गेले.

हार्लनच्या अंगात तेव्हा काहीतरी संचारलं. दुकानात दहा डॉलरची सूट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पाणीही विचारत नसे. पण इथे मोकळ्या हाताने द्यायला सरकारनेच सांगितलं होतं आणि तेही हॉर्नबीच्या खिशातून. "एका साहेबामागे दहा लाख धरा," तो म्हणाला. "तीन साहेब, झाले तीस लाख. शिवाय शिक्षा म्हणून वेगळे. तळ्यावर त्या हॉर्नबीची बोट आहे ना? ती विकायला लागली पाहिजे."

"बोट केवढ्याची?"

कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून ती बरीच मोठी आहे असं गृहीत धरलं गेलं. आठही जणांनी आपापले आकडे मांडले. त्यांची सरासरी काढणं नियमात बसत नाही, असं चष्म्याच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने निदर्शनास आणलं. तेव्हा सर्वांनी सरासरी काढली, ती खोडली आणि मग चर्चेअंती त्याच आकड्यावर सगळ्यांचं एकमत झालं: नव्वद लाख डॉलर.

हार्लनने उभं राहून तो आकडा वाचला. मार्लीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मिसेस फिलपॉट हमसून रडल्या. "तुम्ही राज्यघटनेची सेवा केलीत," असं म्हणून न्यायाधीशांनी सर्वांचे आभार मानले आणि ज्यूरीला घरी धाडलं.

गावात हार्लनचा भाव वधारला. नाक्यावरच्या खाणावळीत त्याला 'चेरी पाय' हा गोडाचा पदार्थ फुकट मिळू लागला. तो हकीकत सांगे आणि सांगता सांगता नव्वद लाखांचे एक कोटी होत. "अन्याय म्हणजे मला सहनच होत नाही," असं तो आता हवेचा दाब तपासतानाही म्हणू लागला. 'हॉर्नबी अँड सन्स'नेही धडा घेतला आणि पाटी बदलून 'हॉर्नबी अँड फॅमिली' केली.

वर्षभराने, बर्फ वितळायच्या सुमाराला, दुकानासमोर एक गंजकी गाडी येऊन थांबली. आतून मार्लीन उतरली. हार्लन हात पुसत धावला.

"मिसेस कोझाक! या, या! चारही नवीन टाकायचे ना? परवाच वरच्या दर्जाचा माल आलाय."

"एकच. आणि जुना असला तरी चालेल."

हार्लन हसला. श्रीमंत माणसं अशी चिकट असतात, हे त्याने ऐकलं होतं. "अहो, नव्वद लाख मिळाले तुम्हाला!"

"पन्नास हजार मिळाले," मार्लीन म्हणाली. "शंभरापर्यंत माणसं असलेल्या कंपनीकडून मनस्ताप आणि शिक्षा मिळून त्याहून जास्त घेता येत नाही. कायदाच तसा आहे. कंपनी मोठी असती तर माझा अपमानही थोडा मोठा धरला असता. तुम्ही घरी गेलात आणि न्यायाधीशांनी आकडा कापला. मग वकिलाचा वाटा गेला, कर गेला. उरलं त्यात छप्पर दुरुस्त केलं."

हार्लनच्या हातातलं फडकं खाली पडलं. "पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्हाला सांगायचं नाही, हेही कायद्यातच आहे. तुमच्या बुद्धीवर दडपण येतं म्हणे."

"मग आम्ही दोन दिवस तिथे बसून केलं काय?"

"सँडविच खाल्लीत," मार्लीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो बहुधा छपराबरोबर संपला असावा.

हार्लन मात्र खवळला. ही शुद्ध फसवणूक आहे, आपण सिनेटरला पत्र लिहू, वर्तमानपत्रात जाऊ, रस्त्यावर उतरू, असं तो बोलत राहिला. त्याचे कामगार हातातलं काम सोडून ऐकत उभे राहिले. त्याचं बोलणं संपेपर्यंत मार्लीन शांत उभी होती. मग तिने काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ऑफिस सांभाळायला अनुभवी माणूस हवा, असं त्यावर लिहिलं होतं.

"ती जागा भरली का?"

हार्लनने खाली पडलेलं फडकं उचलून त्याची नीट घडी घातली.

"बिलं, माल, पगार, सगळं येतं मला. तुम्ही शपथेवर ऐकलंयच."

"येतं हो, प्रश्न येण्याचा नाही." हार्लनने मान खाजवली. "इथलं वातावरण... पोरं काहीबाही बोलतात. उद्या माझ्याच तोंडून काही निघालं तर?"

"काय निघणार आहे?"

हे हार्लनला सांगता येईना. पण काहीतरी निघणार, याची त्याला पक्की खात्री होती. "तसं नाही, पण तुम्ही एकदा कोर्टात गेलेल्या आहात ना. माणसाला जरा धास्ती वाटते. गैरसमज नको हं, तुमच्या बाजूने सगळ्यात मोठा आकडा मीच लावला होता."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे शेवटी आले." मार्लीनने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "डॉक्टर वेबरना काउंटरवर माणूस हवं होतं. मिसेस फिलपॉटच्या चर्चमध्ये कार्यालय सांभाळायला कोणी नाही. बाकीच्यांना मी एवढंच म्हटलं, तुमच्या साहेबांकडे माझं नाव सांगा. सगळे प्रेमाने बोलले. फिलपॉटबाई तर रडल्यासुद्धा. पण बाकी सातही जणांचं तुमच्यासारखंच म्हणणं पडलं, मिस्टर डोटी. ज्यूरीचं एकमत लागतं ना, ते पुन्हा झालं."

हार्लनचे कान लाल झाले. त्याने स्वतः वाकून टायर बसवला. चारही चाकांत हवा भरली. पैसे घेताना दहा टक्के सूट दिली आणि ती देताना त्याला खरंच भरून आलं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा होता. मग त्याने काचेवरची पाटी काढली आणि 'अनुभवी' या शब्दावर काट मारून ती परत लावली.

त्या दिवशी खाणावळीत त्याने सगळं सांगितलं. कायद्याला टेबलावरच्या प्रत्येकाने शिव्या घातल्या. मग कोणीतरी म्हणालं, "पण हार्लन, तू तरी काय करणार?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तुम्हाला हार्लनचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. फक्त तुमच्या ऑफिसात मागे ज्या बाईंनी साहेबाविरुद्ध तक्रार केली होती, त्यानंतर दुपारी त्यांच्या शेजारी डबा उघडायला कोण बसलं होतं, तेवढं आठवून बघा. आणि त्या बाईंचं आडनाव आठवत नसेल, तर राहू द्या.